शेपटीचे सव्वादोन किलो

होळी झाली की उद्यमनगरात दुपारी दोनच्या सुमाराला वावटळी सुटतात. आमच्या शेडसमोरच्या रिकाम्या प्लॉटमधले चहाचे कागदी कप, फाटकी पोती, वाळका पाला गोल गोल फिरत वर चढतो. समोरचा चहावाला "आली बघा भवानी" म्हणत दुधाच्या पातेल्यावर ताट झाकतो. सगळे डोळे मिटून घेतात. मी मात्र मान वर करून बघत राहतो आणि डोळ्यांत धूळ गेली की शिव्या देतो. कागद किती उंच गेला, तिथं वर घार आहे का, ती पंख मारते का नुसतीच तरंगते, एवढं बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. वय वर्षं पासष्ट. पोरं हसतात. हसू देत.

ही खोड मला अण्णा मगदूमनं लावली. अण्णा आणि मी जयसिंगपूरला शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी कोल्हापुरात लेथवर उभा राहिलो आणि तो विमानं दुरुस्त करायच्या सरकारी नोकरीत गेला. तिथंच सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवायला शिकला. तीस-बत्तीस वर्षं पत्रव्यवहार नाही, फोन क्वचित. निवृत्त होऊन आला आणि पहिल्याच भेटीत म्हणाला, "शाम्या, मी ग्लायडर घेतलंय. अर्धं हाय. उरलेलं करायचंय." मला वाटलं, नातवासाठी खेळणं असेल.

खेळणं कसलं! एका लांबलचक ट्रेलरमधून ते आलं तेव्हा गल्लीतल्या दोन टपऱ्या मागं सरकवाव्या लागल्या. पंख टोकापासून टोकापर्यंत अठरा मीटर. आमची शेड सोळा मीटर. म्हणजे दोन्ही पंख एकाच वेळी जोडून बघायची सोयच नाही. कुणीतरी हौशी माणसानं ते बांधायला काढलं होतं, मधेच कंटाळला आणि विकून मोकळा झाला. सगळा सांगाडा फायबरचा, हात फिरवला तर लोण्यासारखा. दोन माणसांची जागा, एकामागं एक. मला पहिल्यांदा शंका आली ती इंजिनाची, कारण नाकात इंजिन नव्हतंच.

"इंजिन कुठाय रे?"

"पोटात हाय," अण्णा म्हणाला आणि मागच्या सीटच्या पाठीमागचं झाकण उघडून दाखवलं. आत एक दांडा आडवा झोपवलेला, त्याच्या टोकाला प्रोपेलर. बटण दाबलं की दांडा उभा राहतो, इंजिन सुरू होतं, ग्लायडर आपल्या आपण धावपट्टीवरून उठतं. साध्या ग्लायडरला दुसऱ्या विमानानं ओढून न्यावं लागतं नाहीतर तारेनं खेचावं लागतं. याला कुणाचे पाय धरायला नकोत. सहा-सात मिनिटं इंजिन चालवायचं, उंची मिळाली की बंद करायचं, प्रोपेलर उभा धरायचा आणि दांडा परत पोटात झोपवून झाकण लावायचं. तिथून पुढं सगळं हवेच्या जिवावर. जमिनीवरची तापलेली हवा वर चढते, तिच्यात घारीसारखं गोल फिरत वर जायचं आणि मग सरळ पुढं निघायचं. एक मीटर खाली येईपर्यंत अडतीस मीटर पुढं. म्हणजे किलोमीटरभर उंचीवरून, वारा पडलेला असेल तर, जवळजवळ कोल्हापूर ते निपाणी. मी अण्णाला म्हणालो, "थापा मारू नकोस." तो म्हणाला, "तूच बसशील की मागं. तवा मोज."

त्याला घाई होती आणि ती का, हे त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. लपवालपवी हा त्याचा स्वभाव नाही. डोळ्यांत काचबिंदू. समोरचं अजून स्वच्छ दिसत होतं, पण कडेची नजर हळूहळू आत येत होती. उडवायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो. त्या वेळचा दाखला एप्रिलअखेरपर्यंत होता. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या खेपेला मी सही करणार नाही. "म्हंजे ह्यो एक उन्हाळा," अण्णा म्हणाला. "पुढच्या साली माझ्यासाठी आभाळ बंद." एवढं बोलून त्यानं नकाशा पसरला आणि मला कामं वाटून द्यायला लागला.

माझ्या वाट्याला आला शेपटीच्या चाकाचा फोर्क, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. मूळ फोर्क ट्रेलरमधून येताना कुठंतरी गहाळ झालेला. ड्रॉइंगमध्ये पातळ नळी, पातळ पट्ट्या, सहा वेल्डिंगचे जोड. अण्णानं ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "हाय तस्संच कर. तुझं डोकं लावू नको."

"व्हय की," मी म्हणालो.

आता उद्यमनगर म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. इथं उसाच्या ट्रॉलीचा आकडा तुटून येतो, गुऱ्हाळाच्या चरकाचा गिअर तुटून येतो, इचलकरंजीच्या मागाचे सुटे भाग तुटून येतात. गिऱ्हाईक तुटका तुकडा टेबलावर आपटतं आणि म्हणतं, "पावणं, असलाच द्या, पण जरा दणकट." जरा दणकट! हाच आमचा धंदा, हीच आमची इभ्रत. तीन मिलिमीटरची पट्टी सांगितली तर आम्ही पाचची घालतो, आणि जास्तीचं काही मागत नाही. माल देताना हळूच म्हणतो, "जरा जाडच ठेवलंय, बघा." गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि परत येत नाही, कारण तुटतच नाही. पस्तीस वर्षांत माझा एकही भाग तुटून परत आलेला नव्हता. याचा मला माज होता. होय, माजच.

तर मी ती पातळ नळी हातात घेतली आणि माझा जीव खालीवर झाला. दोन माणसं घेऊन हे धूड माळावर उतरणार, खडे, खड्डे, आणि शेवटी आपटणार ती शेपूट. आणि ही असली पिपाणी! माझा बाळपणीचा दोस्त त्यात बसणार. मी रॅकवरनं जाड भिंतीची नळी काढली. बाहेरचं माप तेच, व्यास अगदी तंतोतंत, फक्त आतली भिंत जाड. पट्ट्याही जाड. जोडाला आतून एक-एक पट्टी जादा. वेल्डिंग असं केलं की बघत राहावं. वर रंग मारला, चाक बसवलं आणि अण्णाच्या हातात दिलं. त्यानं उलटंसुलटं केलं, व्हर्निअरनं बाहेरचं माप घेतलं, "फस्क्लास" म्हणाला आणि शेपटीला जोडून टाकलं. मी मनात म्हणालो, शंभर वर्षं हलणार नाही.

मार्चच्या मध्याला आम्ही ते नेसरीकडच्या एका माळावर नेलं. तिथं एका ओळखीच्या माणसानं हौसेनं मुरमाची पट्टी करून ठेवलेली, शेजारी पत्र्याची मोठी शेड आणि दोन खोल्या. परवानग्या कशा मिळाल्या तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लिहायची माझी ताकद नाही. तिथं आम्ही तिघं राहिलो. अण्णा, त्याची बायको सुशीलाअक्का आणि मी. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार. त्यामुळं संध्याकाळी साडेपाचला काम बंद, हातपाय धुऊन पानावर. मी दीड महिना तसाच जेवलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पोट बरं राहिलं.

उडवायच्या आधी वजन करायचं असतं. गडहिंग्लजला गुळाच्या एका अडत्याकडून आम्ही दोन काटे आणले. एक मोठ्या चाकाखाली, एक शेपटीखाली. अण्णानं आधी मलाच काट्यावर उभं केलं, कारण मागच्या सीटवर मी बसणार होतो. काट्याबरोबर आलेला अडत्याचा माणूस म्हणाला, "ह्ये माणूस हाय का ढेपांची थप्पी?" शहाऐंशी किलो. अण्णानं अक्काला हाक मारून सांगितलं की याच्या ताटात उद्यापासून तूप वाढू नकोस.

मग ग्लायडर चढवलं. मोठ्या चाकाचा आकडा ठीक. शेपटीचा आकडा बघून अण्णा काट्याशी वाकला. परत मोजलं. काटे अदलाबदल करून मोजलं. शेपूट जड होती, जवळजवळ सव्वादोन किलोनं.

आता कुणीही म्हणेल, साडेचारशे किलोच्या यंत्रात सव्वादोन किलो म्हणजे काय! मीही तेच म्हणालो. तेव्हा अण्णानं शेडच्या भिंतीवर खडूनं चित्र काढून मला समजावलं. विमान तोलाच्या एका बिंदूवर उभं असतं. पुढची सीट त्या बिंदूपासून जवळ आहे, शेपूट लांब. शेपटीला एक किलो वाढला की पुढच्या सीटवर चार किलो वाढवायला लागतात. तोल मागं गेला की ते नाक वर करत राहतं, वेग हरवतं, आणि गरगरत खाली यायला लागलं की कधीकधी सावरतच नाही. म्हणून पुढच्या सीटवर कमीत कमी सत्तर किलो पाहिजेत असं ठरलेलं. अण्णाचं वजन छप्पन. उरलेलं नाकातल्या पेटीत शिसं घालून भरायचं, आणि पेटीत मावेल तेवढ्या शिशानं ते कसंबसं सत्तरला पोचत होतं. अगदी काठावर बसवलेला हिशेब. शेपटीच्या सव्वादोन किलोनं त्या सत्तरचे एकोणऐंशी झाले.

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे मी पुढं बसून उडवू शकत न्हाय."

त्याच क्षणी मला कळलं होतं. मी ड्रॉइंगची नळी आणि माझी नळी मनातल्या मनात तराजूत टाकली आणि फरक तेवढाच निघाला. पण तोंडातून शब्द फुटला नाही. का नाही? पस्तीस वर्षांत परत न आलेला भाग आता परत येणार म्हणून. "तुझं डोकं लावू नको" असं त्यानं बजावून सांगितलं होतं म्हणून. आणि मनात एक लबाड आशाही होती की दुसरीकडंच कुठंतरी वजन सापडेल.

अण्णानं वजनांच्या यादीची वही काढली. त्या वहीत प्रत्येक बोल्टचं, वायसरचं, रंगाच्या डब्याचंसुद्धा वजन लिहिलेलं. स्वतः तोललेलं. फक्त फोर्कच्या पुढं त्यानं ड्रॉइंगमधला आकडा लिहिला होता. मी विचारलं, "ह्यो तोलला न्हाईस?" खरं म्हणजे मी त्याला वाट दाखवत होतो. तो म्हणाला, "तू केलायस न्हवं? मग तोलायचं काय." आणि पुढचं पान उलटलं.

मग सुरू झालं रंग खरवडणं. अण्णाचा संशय असा की आधीच्या मालकानं शेपटीवर जादा रंग आणि लांबी, म्हणजे पुट्टी, चढवली असणार. सकाळी सहाला तो पॉलिश पेपर घेऊन शेपटीशी बसायचा. मी शेजारी. तो पांढऱ्या पिठानं माखायचा, मी नवा कागद कापून हातात द्यायचो. दुपारी माळावर ऊन असं पडायचं की पत्रा कडकड वाजायचा. बाहेर आभाळ निळंशार, कापसाचे पुंजके एका रेषेत लागलेले. प्रत्येक पुंजक्याखाली वर चढणारी हवा असते, हे मला तेव्हाच कळलं. अण्णा दारात उभा राहून बघायचा. "आज तीन हजार मीटर मिळालं असतं," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी, "आज आजऱ्याला जाऊन परत आलो असतो." त्याच्या बोलण्यात चिडचीड नव्हती. स्टँडवर उभं राहून एसटी गेलेली सांगावी तसं सांगायचा. तो जेवढा शांत, तेवढा मी खाली मान घालून कागद कापायचो. असे सात दिवस गेले.

आजही हे लिहिताना मला माझाच राग येतो. माणूस किती कोडगा होऊ शकतो हे मी माझ्यावरून सांगू शकतो. मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. चहा झाल्यावर सांगू. मग जेवण झाल्यावर. मग अक्का समोर नसताना. रात्री पाठ टेकली की स्वतःला म्हणायचो, उद्या. सगळं खरवडून शेपटीचे फक्त तीनशे ग्रॅम कमी झाले.

सातव्या दिवशी संध्याकाळी पानावर बसलो असताना अण्णा म्हणाला, "मी ठरवलंय. पुण्याकडं एक ओळखीचा पायलट हाय, नव्वद किलोचा. त्याला बोलावतो. त्यो पुढं बसंल, मी मागं. ग्लायडर उडालं म्हंजे झालं."

अक्का भाकरी वाढता वाढता थांबली. "आनि तुमी?"

"मी मागनं बघीन की."

मी हातातला घास ताटात ठेवला. पाणी पिऊन मी म्हणालो, "अण्णा, फोर्क काढ. त्यात हाय तुझं वजन. मी जाड नळी घातलीय."

 अक्का कडाडली. "भावजी, सात दिस तोंड शिवून बसलासा? हितं ह्येंच्या हातांची सालं निघाली! तुमास्नी सांगायला काय झालतं?"  ती रडायला लागली आणि भाकरीची टोपली घेऊन आत गेली.

अण्णानं ताटातलं संपवलं. अन्न टाकायचं नाही ही त्याची रीत. हात धुऊन आला आणि माझ्यासमोर बसला. "शाम्या, सात दिवस तू माझ्या हातात कागद देत हुतास," म्हणाला. एवढंच. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला, "ड्रॉइंगपरमाणं करायला किती वेळ लागंल?"

"दोन दिवस."

"सकाळची पहिली एसटी धर."

मी कोल्हापूरला आलो, शेड उघडली आणि ड्रॉइंगमध्ये जसं होतं तसं केलं.  पातळ नळीला वेल्डिंग करताना ज्वाला जरा जास्त थांबली की भोक पडतं. दोन नळ्या वाया गेल्या. इतकी वर्षं आम्ही जाड माल वापरत आलो त्यात दिलदारी होती, हे खरं. पण पातळ नीट करायला जे कसब लागतं ते आमच्यात नव्हतं, आणि ती उणीव जाड मालाखाली झाकली जायची, हेही तेवढंच खरं. तिसरा फोर्क जमला. तो मी स्वतः तोलला, आकडा त्यावर खडूनं लिहिला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसलो. आता माझ्या शेडमध्ये दारातच काटा ठेवलाय. ट्रॉलीचा आकडासुद्धा तोलल्याशिवाय बाहेर जात नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करतात.

दहाव्या दिवशी ग्लायडर उडालं. पहिले चार दिवस अण्णा एकटाच. पाचव्या दिवशी त्यानं मला मागं बसवलं. इंजिन उभं राहिलं आणि पाठीमागं असा कल्ला झाला की माझे दात वाजले. मुरमाची पट्टी सरली, माळ खाली गेला. सातव्या मिनिटाला अण्णानं इंजिन बंद केलं. प्रोपेलर हळूहळू उभा थांबला, दांडा आत गेला, झाकण खाटकन लागलं. मग राहिली फक्त हवेची सळसळ. मी घाबरून विचारलं, "परत सुरू न्हाय झालं तर?"

"न्हाईच हुनार असं धरूनच उडायचं असतंय," अण्णा म्हणाला. "खाली शेत निवडून ठेवलेलं असतंय. ते बघ, नांगरटीच्या पलीकडचं."

एका वस्तीच्या पत्र्यांवर आलो तेव्हा सीट खालून कुणीतरी ढकलल्यासारखी वर आली. अण्णानं पंख कलवला आणि आम्ही फिरायला लागलो. आमच्याबरोबर दोन घारी. एकीचा डोळा मला दिसत होता. उंचीचा काटा वर, वर, वर. अण्णा पुढच्या सीटवर बारीकसा, टोपी घातलेला, काहीच न बोलता उडवत होता. त्याची मान सारखी डावीउजवीकडं वळत होती. कडेचं दिसत नव्हतं म्हणून तो सगळ्या आभाळाकडं मान वळवून बघत होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, मागं बघणारं कोण होतं?

एकूण सतरा दिवस तो उडाला. मग वळीव आला. वेळेआधी आला, रोज दुपारी काळं करून यायचा, गारा टाकायचा, मुरमाची पट्टी चिखल होऊन बसायची. दाखल्याचे शेवटचे पाच दिवस आम्ही शेडमध्ये बसून काढले. ग्लायडर पंख जोडून तयार, आणि दाराबाहेर पाणी. अण्णा रोज सकाळी पट्टीवर चालत जायचा, टाच रुतवून बघायचा आणि परत यायचा. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला पुन्हा आभाळ भरलं. तो दारात उभा होता.

"आनखी आठ-नऊ दिवस पायजे हुतं, लगा," तो म्हणाला.

टोमणा नव्हता तो. माझ्याकडं बघूनसुद्धा बोलला नव्हता. पावसाकडं बघून बोलला होता. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा गप्प बसून झालं होतं.

"ते दिवस मी खाल्ले, अण्णा."

तो वळला. मला नीट बघायला त्याला पूर्ण मान फिरवावी लागली. 

"व्हय," तो म्हणाला. "तूच खाल्लेस. चल, ऊठ. त्या टोकाला धर, पंख उतरवायचाय."

मी उठलो आणि टोक धरलं.